रस्त्यावरचा कायदा (लेखांक ५) : पळायचं असेल तर पोलिस ठाण्यात

मोठ्या अपघाताच्या बातमीत शेवटची ओळ बहुधा ठरलेली असते: ‘अपघातानंतर चालक फरार झाला.’ वाचणारा तिथेच निकाल देऊन मोकळा होतो. चालक ट्रकचा असेल तर जरा लवकरच. पण त्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. अपघाताच्या जागेवरून निघून जाणं ही एक आणि पोलिसांपासून लपून राहणं ही दुसरी. पहिली माफ होऊ शकते, दुसरी नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये चिकटवून ठेवण्याच्या लायकीचं आहे. जखमीला उपचार मिळावेत म्हणून शक्य ते सगळं करायचं, गरज असेल तर त्याला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवायचं, हे चालकाचं पहिलं कर्तव्य. पण त्याच वाक्यात सूटही आहे: जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल तर. जमावाचा रोष कायद्यात असा चक्क लिहिलेला आहे, हे आपल्या ड्रायव्हर मंडळींना सहसा कुणी सांगत नाही. मात्र ही सूट घेणाऱ्याने जवळचं पोलिस ठाणं गाठायचं असतं. लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत. अपघात कसा झाला आणि जखमीला मदत का करता आली नाही, दोन्ही तिथे सांगायचं. शिवाय विमा कंपनीला लेखी कळवायचं: पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, जखमी वा मृत व्यक्तींचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्स. हे टाळलं तर कलम १८७ नुसार पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

मग जानेवारी २०२४ मध्ये एवढा भडका का उडाला? त्या वेळी ट्रकचालकांच्या संपामुळे राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, ते आठवत असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवणारा चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूला जास्तीत जास्त दोन वर्षं होती. सरकार म्हणत होतं, कळवा म्हणजे झालं. वरवर पाहता बरोबर. पण मोटार वाहन कायदा २४ तास देतो आणि नवं पोटकलम घटनेनंतर लगेच कळवा म्हणतं. लगेच म्हणजे किती, हे लिहिलेलं नाही. दगड घेऊन धावणाऱ्या माणसांपासून सुटून, अनोळखी जिल्ह्यात पोलिस ठाणं शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. संपातली दमदाटी मला पटली नव्हती, पण भीती खोटी नव्हती. २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलून चर्चेचं आश्वासन दिलं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पहिलं पोटकलम मात्र लागू आहे: निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद.

हे झालं अपघातानंतरचं. आधीच्या कर्तव्यांसाठी पुण्याच्या नवले पुलाकडे जाऊ.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की मुंबई-बंगळुरू महामार्ग नवले पुलाकडे उतरत जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्या उतारावर एका ट्रकच्या धडकेपासून सुरू झालेल्या अपघातात ४८ गाड्यांचं नुकसान झालं. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं. हेतू डिझेल वाचवण्याचा.

ही सवय जुनी आहे आणि तिच्यामागे हिशेब आहे. अनेक ठिकाणी फेरीचं डिझेल ठरवून दिलेलं असतं. वाचलं तर ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर त्याच्या खिशातून. म्हणून उतार आला की न्यूट्रल, आणि न्यूट्रलमध्ये चावी बंद. आता बघा काय होतं. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन थांबलं की टाकीत उरलेली हवाच काय ती हाताशी. ब्रेकवर पाय पडेल तशी ती संपत जाते. पॉवर स्टिअरिंगही जातं, म्हणजे चाक जड होतं. गिअर नसल्यामुळे इंजिनाचा अटकावही नाही, सगळा भार एकट्या ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनरची पकड कमी होत जाते आणि पॅडल पूर्ण दाबूनही गाडी आवरत नाही. यावर ‘ब्रेक फेल झाले’ हे उत्तर अपुरं आहे. ब्रेक निकामी होतील अशी परिस्थिती कोणी आणली, हा न्यायालयातला प्रश्न असतो. वैताग असा, की आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर उतारावर डिझेलचा पुरवठा आपोआप तुटतो. चावी बंद करून वाचणार जवळपास काहीच नाही. खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक, घाट उतरायची रीत हीच.

पण डिझेल तोलून देणारा मालक या प्रकरणात कुठे असतो? फौजदारी गुन्ह्यात पहिलं नाव स्टिअरिंगवरच्या माणसाचं लागतं. ओव्हरलोडच्या बाबतीत मात्र कायदा मालकाकडे थेट बघतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ म्हणतं, जादा वजनाच्या गाडीचा चालक स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच झाला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. कलम १९४ नुसार दंड २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हा दंड चालवणाऱ्याला आहे, तसाच चालवायला लावणाऱ्यालाही. मालक मागाहून तो ड्रायव्हरच्या पगारातून कापतात ते वेगळं.

तासांचंही तसंच. लांब पल्ल्यावरसुद्धा दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांच्या वर काम नको, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हवी, हे १९६१ सालीच ठरलं. माल पोचवायची वेळ ठरवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला हे आकडे विचारून बघा.

दिवाणी बाजूला चित्र उलटतं. नोकरीवर असताना चालकाने केलेल्या चुकीची भरपाई मालकावर येते आणि थर्ड पार्टी विमा असेल तर कंपनीवर. मृत्यू वा इजेसाठी त्या विम्यात रकमेची वरची मर्यादा नाही. लायसन्स बनावट निघालं म्हणून कंपनी सरळ हात वर करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालानुसार, मालकाने शर्त मोडल्याचं कंपनीला सिद्ध करावं लागतं. सिद्ध झालं तरी न्यायाधिकरण तिला आधी पीडिताला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगू शकतं. छोटा हत्तीवाल्यांसाठी एक दिलासा: साडेसात हजार किलोंच्या आतलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने पक्कं केलं.

ट्रक विकलात, पैसे घेतलेत, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्यात आणि नाव काही बदललं गेलं नाही? मग त्या ट्रकच्या अपघाताची नोटीस तुमच्या घरी येणार. आरसी बुकात ज्याचं नाव तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. आरटीओत स्वतः जाऊन नाव उतरलं का ते बघा. एजंटच्या शब्दावर राहू नका.

राहता राहिला मालगाडीत माणसं बसवण्याचा प्रश्न. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत बसला तर सक्तीच्या विम्यात येतो. टेम्पोतून निघालेलं वऱ्हाड येत नाही, आणि तिथे भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडून कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. ट्रकमध्ये बसलेला तो माणूस मुकादमाचा कामगार, कारखान्याचा की ट्रकमालकाचा, इथूनच वाद सुरू होतो. पुढच्या आठवड्यात तोच वाद उलगडू.