भाड्याच्या इमारतीत छोट्या बचतदाराचा वाटा

मुंबई : भाड्याने दिलेली अख्खी इमारत विकत घेण्याची ऐपत नसलेल्या बचतदारालाही तिच्या भाड्यात वाटा मिळू शकतो. त्यासाठीचा नियमबद्ध मार्ग म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, अर्थात ‘रीट’. ‘सेबी’ने या न्यासांचे नियम २०१४ मध्ये लागू केले आणि ‘एम्बसी ऑफिस पार्क्स’ हा देशातील पहिला रीट एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात सूचिबद्ध झाला.

सुरुवातीला सार्वजनिक विक्रीत किमान दोन लाख रुपये गुंतवावे लागत. २०२१ मध्ये ही मर्यादा १० ते १५ हजारांवर आली आणि बाजारात एकेक युनिट विकत घेण्याची मुभा मिळाली. आता डीमॅट खाते असले की काहीशे रुपयांत सुरुवात करता येते. न्यासाला किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण बांधलेली व उत्पन्न देणारी ठेवावी लागते. त्यामुळे रखडलेल्या बांधकामात पैसा अडकण्याची धास्ती कमी होते. वितरणयोग्य निव्वळ रोकडीपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना वाटणेही बंधनकारक आहे.

मात्र हे भाडे प्रामुख्याने कार्यालयांचे असते. २०२३ मध्ये सूचिबद्ध झालेल्या ‘नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट’मुळे त्यात मॉलची भर पडली. अनेक कुटुंबे भाड्याने राहतात अशा निवासी इमारती या यादीत जवळपास दिसत नाहीत, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. एक कोटी रुपयांच्या सदनिकेला दरमहा २५ हजार रुपये भाडे आले, तरी वर्षाचा परतावा तीनच टक्के. मालमत्ता कर आणि देखभाल त्यातूनच भागवायची. वास्तविक गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी एकेकाळी भाड्याच्या उत्पन्नासाठीच उभ्या राहिल्या होत्या. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाडेकरूंना छप्पर टिकवता आले. पण मालकांना दुरुस्ती परवडेनाशी झाली आणि नव्या चाळी बांधण्यात कोणाला रस उरला नाही.

२०२४ मध्ये ‘सेबी’ने ५० ते ५०० कोटी रुपयांच्या मालमत्तांसाठी लघु व मध्यम रीटची तरतूद केली. त्यात किमान गुंतवणूक १० लाख रुपये आहे, आणि पैसा एखाद-दुसऱ्याच इमारतीवर अवलंबून राहू शकतो. नवख्याने तेथून आरंभ करणे धोक्याचेच. ‘अंशतः मालकी’च्या नावाखाली ठरावीक परताव्याची हमी देणाऱ्या जाहिराती तर त्याहून जोखमीच्या; संबंधित योजना ‘सेबी’कडे नोंदलेली आहे का, हे पैसे देण्यापूर्वीच तपासावे.

नोंदणीकृत रीटमध्येही मुद्दलाची हमी नसते. युनिटचा भाव बाजारात रोज बदलतो. मोठा भाडेकरू जागा सोडून गेला, तर वितरण घटते. म्हणून किती जागा भाड्याने गेली आहे, करारांची किती वर्षे उरली आहेत आणि न्यासावर कर्ज किती आहे, या तीन बाबी तिमाही अहवालात पाहाव्यात. कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या २५ टक्क्यांपुढे न्यायचे असल्यास पतमानांकन व युनिटधारकांची मंजुरी लागते. कमाल मर्यादा ४९ टक्के आहे. वितरणातील व्याजाच्या भागावर गुंतवणूकदाराला आपल्या उत्पन्न गटानुसार प्राप्तिकर भरावा लागतो.