दरबारात चालणारे कुंचले

पार्ल्यात जुना बंगला पाडून टॉवर उभा राहिला की बंगल्याचं नाव तेवढं पाटीवर उरतं. घर मोठं, उत्पन्न आटलेलं. मालक तरी काय करणार? इंग्लंडातल्या सरदारांवरही ही पाळी आली होती. वारसाकरापायी कित्येक हवेल्या गेल्या. १९४९ साली लाँगलीटच्या मार्क्विस ऑफ बाथने तिकीट लावून आपलं घर लोकांना खुलं केलं, आणि बाकीच्यांनी तोच मार्ग धरला.

असं राहतं घर आपल्या कोकणात बघायचं, तर सावंतवाडीला जावं. मोती तलावाकाठचा हा तांबड्या चिऱ्याचा राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला. भोसले घराणं आजही इथेच राहतं. पाहुण्यांसाठी काही खोल्याही केल्या आहेत. पण पाय अडकतो तो दरबारात. सिंहासन आहे, तसबिरी आहेत, आणि त्याच दालनात खाली मान घालून गंजिफा रंगवणारे कारागीर आहेत.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं; एकूण १२०. मत्स्याच्या पानावर मासे, परशुरामाच्या पानावर परशू. दिवसा डाव मांडला तर राम ज्याच्या हाती तो सुरुवात करणार, रात्री कृष्णवाला. पूर्वी कापडाला चिंचोक्यांची खळ लावून पानं ताठ करत, वर लाखेचा हात देत. तळहाताएवढ्या वर्तुळात राजाचा मुकुट, डोळे, बोटं उमटवायची. कुंचला केसभर हलला तरी चेहरा बिघडतो. समोर उभं राहून हे पाहताना श्वास आपोआप धरला जातो.

छापील पत्त्यांनी ही कला जवळपास संपवलीच होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून ती शिकून घेतली. राजघराण्यातल्या माणसांनी कारागिरापुढे विद्यार्थी होऊन बसावं, याचं मला फार मोल वाटतं. पुढे दरबाराचीच कार्यशाळा झाली. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले. अनेक राजवाड्यांची नुसती हॉटेलं झाली. इथे वास्तूला काम मिळालं आणि कामाला छप्पर.

दादरहून तुतारी एक्सप्रेस थेट सावंतवाडी रोडला जाते. तिथून गाव रिक्षाच्या अंतरावर. फोटो काढून लगेच निघू नका. कारागिराला एक पान पुरं करताना बघा, आणि मग चितारआळीत लाकडी फळं बघायला जा.