शिकाऊ शिक्षकाला पैसे कोण देणार?
डॉक्टरांसारखी शिक्षकांची रेसिडेन्सी अमेरिकेत शिकागो (२००१), बोस्टन (२००३) इथून रुजली. वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात उमेदवारी, सोबत विद्यावेतन. घोडं अडतं पैशांपाशी. देणग्या नि सरकारी अनुदान म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा! फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने शिक्षक-प्रशिक्षणाची सुमारे ६० कोटी डॉलरची अनुदानं एका फटक्यात रद्द केली. टिकाऊ वाट शाळेच्याच अंदाजपत्रकात आहे. शिक्षक रजेवर गेला, की बदली शिक्षकाला शाळा रोजाने पैसे देतेच. आठवड्यातून एक दिवस ते बदलीचे तास उमेदवाराने घ्यायचे, बाकीचे दिवस मार्गदर्शकाच्या वर्गात; विद्यावेतन त्याच पैशातून. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजने हा हिशेब लावून धरला. मात्र उमेदवाराला रोजच बदलीवर जुंपलं, तर ती रेसिडेन्सी नव्हे, स्वस्तातली भरती.