अनंताची पिवळी पाने

कोकणात विहिरीच्या काठी फारशी देखभाल नसतानाही बहरणारा अनंत घाटावरच्या काळ्या मातीत लावला की बहुधा दोन-तीन वर्षांत खंगू लागतो, आणि त्याचे कारण हवेपेक्षा मातीत अधिक असते. दक्षिण चीन, तैवान आणि जपान या प्रदेशांतले हे सदाहरित, म्हणजे वर्षभर पाने राखणारे झुडूप कॉफीच्या कुळातले आहे. 'गार्डेनिया जॅस्मिनॉइडीस' या शास्त्रीय नावात जाई-मोगऱ्याच्या वर्गाचा उल्लेख असला, तरी तो केवळ साम्यामुळे आला आहे, नात्यामुळे नव्हे.

मातीची आम्लता सामू या मापाने मोजतात. 7 हा आकडा उदासीन मातीचा, त्याखालचा आम्ल मातीचा. अनंताला 5 ते 6 सामू मानवतो आणि तो कोकणातल्या जांभ्या मातीत सहज मिळतो, उलट चुनखडीच्या काळ्या मातीत सामू 8 च्या आसपास जातो, आणि तिथे लोह भरपूर असूनही पाण्यात विरघळत नसल्याने मुळांना ते घेता येत नाही. झाडाच्या अंगातले लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सरकत नाही, म्हणून शेंड्याची कोवळी पाने आधी पिवळी पडतात, त्यांच्यावर हिरव्या शिरांची नाजूक जाळी तेवढी उरते आणि खालची पाने मात्र गर्द हिरवीच राहतात. उसावर असे झाले की शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात. अशा वेळी युरियाचा मारा करणे व्यर्थ होय. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारल्यास हिरवेपणा परततो, परंतु बोअरचे जड पाणी चालूच राहिले तर तो टिकत नाही, कारण त्या पाण्यातून मातीत चुना साठत जातो.

कळ्या गळण्याची तक्रारही नेहमीची. मुळे एकदा कोरडी पडली किंवा कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलली, तरी त्या न उमलताच गळतात. पांढरेशुभ्र उमललेले फूल दोन-तीन दिवसांत साईच्या रंगावरून पिवळसर होते. तो रोग नव्हे. छाटणी बहर संपताच करावी, उशिरा केल्यास पुढच्या कळ्याच कापल्या जातात.

घाटावर अनंत जमिनीत न लावता लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि जुने शेणखत भरलेल्या मोठ्या कुंडीत, दुपारचे ऊन टाळून लावावा आणि शक्य तेव्हा त्याला साठवलेले पावसाचे पाणी घालावे.