एका लढाऊ विमानाचा जीर्णोद्धार

लंडनच्या वायव्य भागात हेंडन येथे एका जुन्या विमानतळाच्या जागेवर ब्रिटनच्या शाही हवाई दलाचे संग्रहालय उभे आहे. दुसऱ्या महायुद्धातील ज्या विमानांमुळे या संग्रहालयास कीर्ती लाभली, त्यांत ‘हरिकेन’ जातीचे एक लढाऊ विमान आहे. त्याचा क्रमांक पी-२६१७. १९४० च्या मे महिन्यात, फ्रान्स कोसळत असताना, ६०७ क्रमांकाच्या तुकडीबरोबर हे विमान तेथील लढाईत होते. असे विमान पाहावयास येणारा प्रेक्षक त्याचा हिरवा-तपकिरी रंग, पंखांवरील वर्तुळाकार चिन्हे आणि पुढचा तीन पात्यांचा पंखा न्याहाळतो, पाटीवरील मजकूर वाचतो आणि पुढे सरकतो. १९४० मध्ये आकाशात असलेली वस्तूच आपण पाहिली, असा त्याचा समज असतो. हा समज चुकीचा नाही. परंतु तो वाटतो तितका सरळही नाही. तो का सरळ नाही, हे कळण्यासाठी हरिकेनची घडण थोडी समजून घेतली पाहिजे.

सिडनी कॅम या अभियंत्याने आखलेले हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडाले. बाहेरून ते त्या काळाच्या मानाने आधुनिक दिसे. पंखांची एकच जोडी, उड्डाणानंतर आत मिटणारी चाके, बारा सिलिंडरांचे व सुमारे एक हजार अश्वशक्तीचे ‘मर्लिन’ एंजिन, आणि पंखांत बसविलेल्या आठ मशीनगन. अंतरंग मात्र जुन्या, दुहेरी पंखांच्या विमानांचे होते. पोलादी नळ्या जोडून केलेला एक चौकोनी पिंजरा हा त्याचा कणा. या पिंजऱ्यास गोलाई यावी म्हणून त्याच्याभोवती लाकडी कमानी व लांब पट्ट्या बसवीत, आणि वैमानिकाच्या आसनामागील सर्व भागावर तागाचे कापड ताणून घालीत. त्या कापडावर ‘डोप’ नावाच्या रोगणाचे हात दिले, की ते वाळताना आकसे आणि मृदंगाच्या पुडीसारखे ताठ होई. आरंभीच्या विमानांचे पंखसुद्धा कापडानेच मढविलेले होते. धातूच्या पत्र्याचे पंख नंतर आले.

ही घडण मागासलेली म्हणून तिची हेटाळणी करणारे तेव्हाही होते. समकालीन ‘स्पिटफायर’चे धातूचे कवच स्वतःच भार पेलत असे, ते अधिक वेगवान होते, आणि लोकांच्या मनातील मानही त्यालाच मिळाला. तथापि ब्रिटनच्या १९४० मधील हवाई संग्रामात शत्रूची जी विमाने लढाऊ विमानांनी पाडली, त्यांतील निम्म्याहून अधिक हरिकेनने पाडली, ही गोष्ट सौंदर्याच्या मोहात विसरली जाते. याचे एक कारण हरिकेनांची संख्या अधिक होती हे. दुसरे कारण त्या जुनाट घडणीतच होते. गोळी कापडातून आरपार गेली तर भोकावर ठिगळ लावून भागे. वाकलेली नळी काढून दुसरी बसविता येई. एका मोडक्या विमानाचा पंख दुसऱ्यास लावता येई. जे विमान इतरत्र मोडीत गेले असते, ते हरिकेन असेल तर पुन्हा आकाशात जाण्याची शक्यता बरीच असे.

यातून आपल्या विषयास महत्त्वाची अशी एक गोष्ट निष्पन्न होते. लढाईच्या काळातच हे विमान बदलत होते. कारखान्यातून बाहेर पडलेले आणि सहा महिन्यांनी धावपट्टीवर उभे असलेले विमान क्रमांकाने एक असले, तरी साहित्याने अगदी तेच असेल असे नव्हे. तेव्हा ‘मूळ विमान’ म्हणजे कोणत्या दिवशीचे विमान, हा प्रश्न संग्रहालयाने निर्माण केलेला नाही. तो विमानाबरोबरच जन्मला.

विमानांच्या संदर्भात ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. आपल्याकडे तो देवळांसाठी रूढ आहे, आणि जीर्णोद्धार झालेल्या देवळात जुने दगड किती व नवे किती याची मोजदाद भाविक करीत नाही. संग्रहालयाच्या कारागिराला मात्र ती करावीच लागते. तो रंग खरवडून टाकण्याची घाई करीत नाही. एखाद्या लहानशा जागी रंगाचे थर एकामागून एक हलक्या हाताने घासून तो वर्तुळात वर्तुळ अशी खूण तयार करतो. झाडाच्या खोडातील वलये वाचावीत तशी ती वाचता येते. कोणत्या थराखाली कोणत्या तुकडीचे अक्षर दडले आहे, कोठे लढाईनंतरचा रंग चढला आहे, हे त्यावरून उमगते. सुट्या भागांवर ठोकलेले क्रमांक, तपासनिसांचे शिक्के, ठिगळांच्या कडा, हे सर्व त्याच्या दृष्टीने कागदपत्रांइतकेच मोलाचे असते. आणि नेमके हेच चकचकीत नव्या रंगाखाली सर्वांत आधी नष्ट होते.

उड्डाणासाठी केलेल्या जीर्णोद्धारात हा पेच अधिक तीव्र होतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातून गेलेले आहे. आर-४११८ क्रमांकाचे हरिकेन, पी-२६१७ प्रमाणेच, ग्लॉस्टर कंपनीच्या कारखान्यात तयार झाले आणि ऑगस्ट १९४० मध्ये ६०५ क्रमांकाच्या तुकडीत दाखल झाले. सप्टेंबरमध्ये ही तुकडी लंडनलगतच्या क्रॉयडनला आली. तेथून या एका विमानाने लढाईसाठी ४९ वेळा उड्डाण केले. पुढे त्याची दुरुस्ती झाली, ते दुसऱ्या तुकडीत गेले, मग प्रशिक्षणासाठी वापरले गेले, आणि १९४३ च्या अखेरीस जहाजातून भारतात पाठविण्यात आले. त्या वेळी हरिकेन हे येथे परके विमान नव्हते. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी हरिकेनच उडवीत होती. आर-४११८ ला मात्र येथे लढाई लाभली नाही. १९४७ मध्ये ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी बनारस हिंदू विश्वविद्यालयास देण्यात आले आणि तेथेच पुढची अर्धशतकाहून अधिक वर्षे राहिले.

१९८२ मध्ये पीटर व्हाचर हे इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात भारतात हिंडत असताना त्यांच्या दृष्टीस ते पडले. ‘आमच्याकडे पडून होते, परक्याने ओळखले,’ असे म्हणून हळहळणे येथे स्वाभाविक आहे. परंतु ते पुरते न्याय्य नाही. हरिकेन विमाने सुमारे साडेचौदा हजार बांधली गेली, आणि युद्ध संपताच ब्रिटनमध्ये त्यांतील असंख्य विमाने भंगार म्हणून वितळविण्यात आली. बनारसच्या आवारातील विमानास उन्हापावसाने झिजविले हे खरे, पण कोणी ते विकले नाही, वितळविले नाही, की त्याच्यात नव्या काळाचे फेरफार केले नाहीत. उपेक्षेनेच त्याचे रक्षण केले, असे म्हणणे विचित्र वाटले तरी वस्तुस्थितीस धरून आहे.

दीर्घ वाटाघाटींनंतर २००१ मध्ये ते इंग्लंडला नेण्यात आले. तेथे ज्या कारागिरांनी काम हाती घेतले, त्यांच्यापुढील मुख्य अडचण कापडाची वा लाकडाची नव्हती. ती दोन्ही नवी घालणे क्रमप्राप्तच असते. हरिकेनच्या पंखांचा भार पेलणाऱ्या तुळया एकात एक घट्ट बसविलेल्या बहुकोनी पोलादी नळ्यांच्या असतात, आणि पोलादाची पट्टी लाटून तसा आकार देण्याची विद्या युद्धानंतर लोप पावली होती. ती पुन्हा हस्तगत केल्यावाचून कोणतेही हरिकेन नव्याने उडविणे शक्य नव्हते. उडणाऱ्या विमानात संशयास्पद भागास क्षमा नसते. गंजलेली नळी ऐतिहासिक आहे म्हणून तिच्यावर वैमानिकाचा जीव टांगता येत नाही. ती काढावीच लागते. २३ डिसेंबर २००४ रोजी आर-४११८ पुन्हा उडाले, ते ६०५ तुकडीची ‘यूपी-डब्ल्यू’ ही जुनी अक्षरे अंगावर मिरवीत.

मग यांतले खरे विमान कोणते? जे उडते त्याचा आवाज, वळण्याची ढब, एंजिनाच्या तेलाचा दर्प खरा असतो. ते समजून घेण्यास दुसरा मार्गच नाही. पण त्यासाठी त्याने आपले जुने शरीर बरेचसे टाकलेले असते. जे संग्रहालयात स्थिर उभे असते ते जुना धातू, जुनी जोडणी जपू शकते. मात्र नुसत्या पाहण्याने ती कळत नाही आणि विमान मुके राहते. आमच्या मते, दोन्ही प्रकारची विमाने जगात असणे आवश्यक आहे, आणि दुर्मिळ विमान असेल तेव्हा झुकते माप न उडणाऱ्यास द्यावे. पाटीवर कोणता भाग जुना व कोणता नवा हे स्पष्ट लिहिण्यास तर कोणतीच अडचण नसावी. बहुतेक ठिकाणी ते लिहिलेले नसते.

हेंडनच्या संग्रहालयाने तिसराही एक मार्ग अनुसरला आहे. पी-३१७५ क्रमांकाचे हरिकेन ३१ ऑगस्ट १९४० रोजी पाडले गेले. २५७ क्रमांकाच्या तुकडीतील त्याचे वैमानिक जेरार्ड मॅफेट यांना त्यात मृत्यू आला. १९७३ मध्ये या विमानाचे अवशेष बाहेर काढण्यात आले. त्यांचा जीर्णोद्धार केला गेला नाही. वाकलेल्या नळ्या, चुरडलेला पत्रा, जसा हाती लागला तसाच तो संग्रहालयाने मांडला. त्यास रंग नाही, आणि विमान म्हणून त्याचा आकार ओळखणेही सोपे नाही.

आर-४११८ च्या वाट्याला वेगळे भाग्य आले. १९४० मध्ये ते उडविणाऱ्यांपैकी एक वैमानिक, बॉब फॉस्टर, जीर्णोद्धारानंतर ते पाहावयास हयात होते. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.