जड बाणाचा हिशेब

साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनमध्ये कंपाउंड धनुर्विद्येची जागतिक विजेतेपदं पटकावली, तेव्हापासून धनुष्यबाणाविषयी वाचकांचे प्रश्न येऊ लागले आहेत. त्यातला एक जरा खोचक आहे. हलका बाण जास्त वेगाने सुटतो हे तर शाळकरी पोरही सांगेल. मग जुन्या काळचे धनुर्धर जाडजूड, वजनदार बाण का वापरायचे? भौतिकशास्त्र कळत नव्हतं म्हणून?

हा वाद दोन हजार वर्षांचा आहे आणि गंमत म्हणजे तो आपल्याच बाणांवरून झाला आहे. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस इथे येऊन गेला होता. त्याच्या नोंदींच्या आधारे एरियनने ‘इंडिका’त भारतीय पायदळाचं वर्णन केलं आहे. धनुष्य माणसाएवढं उंच. त्याचं खालचं टोक जमिनीवर टेकवायचं, डाव्या पायाने रेटायचं आणि दोरी पार मागे ओढायची. बाण जवळजवळ तीन हात लांब. त्यापुढे ढाल टिकत नाही, चिलखत टिकत नाही, असं तो म्हणतो. पुढे कर्टिअस हा रोमन इतिहासकार याच बाणांची टर उडवतो. त्याच्या मते बाणाची सगळी ताकद हलकेपणात असते. हे लोक त्यावर वजन लादतात, म्हणून कष्ट फार आणि परिणाम थोडा. एकाच बाणाबद्दल दोन उलट निकाल! वाचकाचा प्रश्न थेट कर्टिअसच्या पंगतीत बसणारा आहे.

लहानपणी दगड मारून कैऱ्या पाडलेल्यांना याचं उत्तर खांद्यातून ठाऊक असतं. सुपारीएवढा खडा जीव खाऊन भिरकावला तरी तो फार काही वेगाने जात नाही, वर खांदा मात्र उसळतो. कारण तुम्ही नुसता खडा फेकत नसता. त्याच्यासोबत आपला दोन-तीन किलोचा हातही फेकत असता, आणि बहुतेक जोर त्या हातालाच पळवण्यात खर्च होतो. मुठीत भरेल असा दगड घेतला की हात जवळजवळ तेवढ्याच वेगाने फिरतो, पण जोराचा मोठा वाटा दगडाकडे जातो आणि कैरी देठासकट खाली येते. अर्थात पाटा उचलून फेकायला गेलात तर तो पायावरच पडेल.

धनुष्याचंही तसंच. दोरी सोडली की बाणाबरोबर धनुष्याची दोन्ही पाती पुढे झेपावतात आणि दोरीही धावते. साठवलेल्या ऊर्जेतला त्यांचा वाटा बाणाला मिळत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी हा हिशेब सुटसुटीत केला. पाती आणि दोरी यांच्या हालचालीऐवजी बाणालाच एक जादा, न दिसणारं वजन चिकटलं आहे असं समजा. हे आभासी वस्तुमान दिलेल्या धनुष्यासाठी जवळपास कायम असतं, बाण कोणताही लावा. मग ऊर्जेची वाटणी बाणाचं वजन आणि हे आभासी वजन यांच्या प्रमाणात होते. इतकं सोपं!

उदाहरणादाखल एक लाकडी लांब धनुष्य घेऊ. त्याच्याकडून मिळू शकणारी ऊर्जा ५४ ज्यूल आणि आभासी वस्तुमान १५ ग्रॅम धरू. त्यावरून २० ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ५५ मीटर वेगाने सुटेल आणि ३१ ज्यूल घेऊन जाईल. बाण दुप्पट, म्हणजे ४० ग्रॅमचा केला तर वेग ४४ मीटरवर येतो. वजन शंभर टक्के वाढलं, वेग वीसच टक्के घटला. आणि ऊर्जा? ती वाढून ३९ ज्यूल झाली. संवेग तर साठ टक्क्यांनी वाढला. एवढी ऊर्जा आली कुठून? धनुष्य तेच, ओढणारा हात तोच. हलक्या बाणाच्या वेळी ती पात्यांच्या थरथरीत आणि धनुर्धराच्या मनगटात जिरत होती.

कर्टिअसची चूक इथेच सापडते. मध्य आशियातल्या घोडेस्वारांचं किंवा तुर्कांचं धनुष्य शिंग, लाकूड आणि स्नायूतंतू यांचं, आखूड आणि हलक्या पात्यांचं. त्याचं आभासी वस्तुमान कमी असल्यामुळे ते हलक्या बाणालाही भरपूर ऊर्जा देऊ शकतं. इस्तंबूलच्या ओकमैदानावर लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी तुर्क अगदी हलके बाण वापरत, ते उगाच नाही. माणसाएवढ्या उंच, एकाच लाकडाच्या धनुष्याची पाती मात्र लांब आणि जड असतात. त्याला काडीसारखा बाण देणं म्हणजे ऊर्जा वाया घालवणं. आजचे पारंपरिक धनुर्धर म्हणूनच एक ठोकताळा पाळतात: ताणाच्या दर पौंडाला बाणाचं वजन सुमारे १० ग्रेन. म्हणजे ५० पौंडांच्या धनुष्याला ५०० ग्रेन, आपल्या मापात ३२ ग्रॅम.

इंग्रजांनी तर यासाठी कायदाच केला होता. आठव्या हेन्रीच्या १५४१ सालच्या कायद्यानुसार चोविशीपुढच्या माणसाला २२० यार्ड किंवा त्याहून जवळच्या लक्ष्यावर हलके बाण सोडायला बंदी होती. सराव करायचा तर लढाईच्या बाणाने करा, हा त्यामागचा रोख. त्याच हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथसमोर त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली. गाळात रुतलेला तिचा सांगाडा १९८२ साली वर काढला गेला. तिच्यातून १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण मिळाले आहेत. या धनुष्यांचा ताण १०० ते १८५ पौंड असावा असा अंदाज आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुष खेळाडू साधारण ५० पौंडांचं धनुष्य ओढतात.

त्याच १५४५ साली रॉजर ॲशमचं धनुर्विद्येवरचं ‘टॉक्सोफिलस’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. हा गृहस्थ पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. त्याची एक तक्रार मला फार आवडते. लढाईचे बाण ॲशच्या लाकडाचे हवेत, ते वजनदार असून चपळही असतात, पण हल्ली हलक्या ॲस्पेनचे करतात, असं तो कुरकुरतो. मेरी रोझवरचे बहुतेक बाण निघाले पॉपलरचे, म्हणजे ॲस्पेनच्याच कुळातले. पंतोजींची कुरकुर खरी होती, याचा पुरावा समुद्राने सव्वाचारशे वर्षांहून जास्त काळ जपून ठेवला.

याच नौकेवरच्या धनुष्याबरहुकूम केलेल्या १५० पौंडी धनुष्यातून ५३.६ ग्रॅमचा बाण ३२८ मीटर गेला आणि ९५.९ ग्रॅमचा सुमारे २५० मीटर. वजन जवळपास ऐंशी टक्के जास्त, पल्ला मात्र चोवीसच टक्के कमी. यात हवेचाही हात आहे. सारख्या जाडीच्या दोन बाणांना सारख्या वेगाला हवेचा विरोध सारखाच होतो, पण हलका बाण त्याला लवकर शरण जातो.

मग जड बाणच घ्यावा का? नाही, कारण जड बाण वाटेत जास्त खाली येतो. वरच्या उदाहरणातले दोन बाण ४० मीटरवर सोडले तर, हवेचा विरोध सोडून दिला तरी, हलका अडीच मीटर खाली येईल आणि जड चार मीटर. ही घट धरूनच धनुर्धर वर नेम धरतो, पण त्यासाठी अंतराचा अंदाज अचूक लागतो. लक्ष्य ४० ऐवजी ४५ मीटरवर निघालं तर हलका बाण सुमारे ३६ सेंटिमीटर खाली लागेल, जड ५६. समोर सैन्याची फळी असेल तर वीस सेंटिमीटरला कोण विचारतो! एकट्या हरणाच्या बाबतीत मात्र तेवढ्यात शिकार हुकते. त्यात बाणाचा दांडा सुटताना धनुष्याला वळसा घालत लवलवतो. टोकाला वजन वाढवलं की तो जास्त वाकतो आणि नेम बाजूला सरकतो. म्हणून नुसता फाळ बदलून भागत नाही, दांड्याची ताठरताही बदलावी लागते.

जड बाणाच्या कौतुकात वाहवत जाणारेही पुष्कळ आहेत. इंग्रजी लांब धनुष्यापुढे चिलखत म्हणजे कागद, ही कथा चित्रपटांनी घरोघरी पोचवली. २०१९ साली इंग्लंडमध्ये काही कारागीर, एक धनुर्धर आणि शस्त्रांचे एक अभ्यासक यांनी १६० पौंडी धनुष्याने २५ मीटरवरून पंधराव्या शतकाच्या धर्तीच्या पोलादी छातीपत्र्यावर बाण मारले. पत्रा फुटला नाही. सेकंदाला ५५ मीटर वेगाचा ८० ग्रॅमचा बाण सुमारे १२० ज्यूल वाहून नेतो, म्हणजे जवळपास पॉइंट टू-टू रायफलच्या गोळीएवढे. संवेग गोळीच्या पाचपट असला तरी पोलाद ते पोलाद. निआर्कसने पाहिलेली चिलखतं पंधराव्या शतकातली नव्हती, हेही लक्षात ठेवावं.

या शास्त्राच्या इतिहासात ज्याचं नाव ठळक हवं तो माणूस आहे क्लॅरेन्स हिकमन. बेल प्रयोगशाळेतल्या या भौतिकशास्त्रज्ञाने धनुष्याच्या गतीचं गणित क्लॉपस्टेगच्या आधी मांडायला घेतलं आणि सुटणाऱ्या बाणाचं अतिवेगवान चित्रण करून त्याची लवलव लोकांना दाखवली. १९१८ साली तो रॉबर्ट गोडार्डबरोबर अग्निबाणांवर काम करत होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अग्निबाण संशोधनाचा एक विभाग त्याच्याकडे होता आणि बझूका त्यातूनच आला. गोडार्डच्या नावाने अवकाश केंद्र आहे. हिकमन धनुर्धरांच्या वर्तुळाबाहेर कोणाला माहीत नाही. मला हा अन्याय वाटतो.

आता एक विनंती, नंदुरबार, धुळे आणि मेळघाटातल्या विज्ञान शिक्षकांना. भिल्लांच्या बांबूच्या धनुष्याला दोरीही बांबूच्या सालपटाची असते. दोरीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा आभासी वस्तुमानात धरला जातो, त्यामुळे इथला आकडा इंग्रजी धनुष्याहून वेगळा येईल. तो काढायला प्रयोगशाळा लागत नाही. वेगवेगळ्या वजनाचे दोन बाण, सोनाराचा काटा आणि मंदगती चित्रण करणारा मोबाईल पुरे. दोरी दोन्ही वेळा सारखीच ओढायची, वेग मोजायचे. आभासी वजन मिळवून येणारं एकूण वजन गुणिले वेगाचा वर्ग हा गुणाकार दोन्ही बाणांसाठी सारखा येतो. त्यातून आभासी वस्तुमान नववीच्या बीजगणिताने सुटतं. काळजी एकच घ्या: बाण न लावता दोरी सोडू नका. सगळी ऊर्जा पात्यांतच राहते आणि धनुष्य मोडतं.