टाइमशेअर : डोंगरातली आठवड्याची केबिन घ्यावी का?

महाबळेश्वर, मुन्नार किंवा मनालीला लाकडी केबिन, दरवर्षी सात रात्री, पंचवीस वर्षे, आणि पैसे म्हणे एकदाच भरायचे. अशा योजनेची निमंत्रणे आता मोठ्या शहरांतील नोकरदारांपुरती राहिलेली नाहीत. पेट्रोलपंपावर किंवा मॉलमध्ये नाव व फोन नंबर लिहून घेतात. काही दिवसांनी "तुमचा नंबर लागला आहे" असा फोन येतो आणि मियाँ-बीवी दोघांनी मिळून अमुक हॉटेलात यावे असा आग्रह होतो. तेथे चहापाणी, एखादी भेटवस्तू, दोन तासांचे भाषण आणि शेवटी फक्त आज सही केल्यास मिळणारी मोठी सवलत. दुकानदार, कंत्राटदार, यंत्रमागधारक यांना निर्णयासाठी कोणाची मंजुरी घ्यावी लागत नाही, म्हणून विकणाऱ्यांना हे गिऱ्हाईक विशेष आवडते. एरवी सुताच्या चार गाठी घेताना दोन पेढ्यांवर भाव विचारणारा आपला व्यापारी तेथे चार लाखांचा सौदा दोन तासांत करून बसतो.

ही कल्पना मुळात युरोपातली. डोंगरात स्वतःचे घर घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबांनी एकाच घराचे आठवडे वाटून घ्यावेत, या विचारातून १९६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग ही संस्था निघाली आणि १९६७ च्या सुमारास फ्रान्समधील आल्प्स पर्वतात आठवडे विकण्याचा धंदा सुरू झाला. १९७४ मध्ये अमेरिकेत आर.सी.आय. ही आठवड्यांची अदलाबदल करून देणारी कंपनी स्थापन झाली आणि धंदा जगभर पसरला. भारतात स्टर्लिंग ही कंपनी १९८६ मध्ये व महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये या क्षेत्रात आली. तेव्हा धंदाच मुळात लबाडीचा, असे म्हणण्याचे कारण नाही. आपण नेमके काय विकत घेतो, एवढेच नीट कळले पाहिजे.

आपल्याकडे बहुतेक योजनांत केबिन विकत मिळत नाही. जमीन, लाकूड, छप्पर यांपैकी काहीही आपल्या नावावर होत नाही. ठरावीक वर्षे, वर्षातून ठरावीक रात्री राहण्याचा हक्क तेवढा मिळतो. मुदत संपली की हक्क संपला. "आपली स्वतःची केबिन" हे शब्द विक्रेत्याच्या तोंडी असतात, करारात मात्र सभासद असा शब्द असतो. दुकानाचा गाळा मालकीचा आणि गाळा भाड्याचा यांतला फरक ज्याला कळतो, त्याला याहून जास्त सांगायला नको.

"पैसे एकदाच" हेही पुरते खरे नाही. सभासद शुल्क एकदा किंवा हप्त्याने भरायचे, आणि शिवाय देखभालीचे शुल्क दरवर्षी. अनेक करारांत त्या वर्षी गेलात किंवा न गेलात तरी ते द्यावे लागते आणि थकले तर बुकिंग बंद होते. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. जेवण, गाडी, जादा माणसांचे पैसे आणि दुसऱ्या कंपनीच्या रिसॉर्टशी आठवडा बदलून घेतल्यास त्याचे शुल्क हेही वेगळेच.

आता एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापल्या करारातले घालून पाहावेत. समजा सभासद शुल्क ४ लाख, मुदत २५ वर्षे, वर्षाला ७ रात्री. म्हणजे एकूण १७५ रात्री. वरवर पाहता एक रात्र २,२८६ रुपयांना पडते, आणि हाच आकडा हॉटेलात फळ्यावर लिहून दाखवतात. परंतु वार्षिक शुल्क पहिल्या वर्षी २०,००० रुपये असेल आणि दरवर्षी ६ टक्के वाढत गेले, तर पंचविसाव्या वर्षी ते सुमारे ८१,००० होते आणि पंचवीस वर्षांची बेरीज जवळजवळ ११ लाख होते. मूळचे ४ लाख मिळवले की १५ लाख. भागिले १७५, म्हणजे एक रात्र साडेआठ हजारांच्या आसपास.

हॉटेलचे भाडेही वाढणारच, असे विक्रेता म्हणेल, आणि ते बरोबर आहे. आज ५,००० रुपये रात्र असलेली तशीच केबिन त्याच ६ टक्क्यांनी महाग होत गेली तर सात रात्रींप्रमाणे पंचवीस वर्षांत सव्वाएकोणीस लाखांच्या आसपास खर्च येतो. म्हणजे जो माणूस दरवर्षी, न चुकता, सातही रात्री जाईल त्याला टाइमशेअर स्वस्त पडू शकते. पण वर्षाला चारच रात्री जाणे झाले तर हॉटेलचा खर्च ११ लाखच येतो. तेवढे तर नुसत्या वार्षिक शुल्कात जातात. सुरुवातीचे ४ लाख निव्वळ तोट्यात. या आकड्यांनी सौदा बरोबरीला येतो तो वर्षाला साधारण साडेपाच रात्रींवर. तेव्हा गेल्या पाच वर्षांत आपण सहकुटुंब किती रात्री बाहेरगावी हॉटेलात राहिलो, याचे उत्तर कागदावर लिहावे. लग्न, मयत, मावशीकडचा मुक्काम धरू नये. बहुतेकांचा सौदा याच एका प्रश्नावर निकाली निघेल.

व्यापाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट आहे, जी नोकरदाराला लागू नाही. त्याच्या हातचे ४ लाख म्हणजे खेळते भांडवल. तेवढा जादा माल वर्षातून तीनदा फिरला आणि दर फेरीला खर्च वजा जाता ५ टक्के सुटले तर वर्षाचे ६०,००० होतात. त्यात ५,००० च्या बारा रात्री निघतात आणि भांडवल जागेवर राहते. अर्थात जादा माल खपणारा हवा. ज्याच्या गोदामात आधीच मागच्या ईदचा माल पडून आहे, त्याने हा हिशेब आपल्याला लावू नये. उधारीवर माल घेणाऱ्या लहान कारागिराने तर कर्जाऊ धंद्यावर सुटीचा बोजा चढवण्यापूर्वी दहादा विचार करावा.

रात्री मिळतात त्या कधीच्या, हा भाग करारात सर्वांत बारकाईने वाचण्यासारखा. वर्षाचे भाग पाडून त्यांना रंग दिलेले असतात. महिंद्राच्या योजनेत जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे हंगाम आहेत. जांभळा सर्वांत गर्दीचा व महागडा. निळा घेतलेल्याला मे महिन्यात जागा मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. पण जांभळा घेऊनही तारीख हमखास मिळेल असे नाही. एका केबिनचे वर्षाला ५२ आठवडे. दुरुस्तीचे दोन सोडले तर पन्नास कुटुंबे तिचे सभासद होऊ शकतात. मे महिन्यात मात्र चार-साडेचार आठवडेच असतात, आणि मुलांची शाळा सर्वांचीच तेव्हा बंद असते. कंपनीकडे खोल्या किती आणि सभासद किती, हे दोन आकडे विचारावेत. मग एखाद्या जुन्या सभासदाला गाठून गेल्या मे महिन्यात त्याला हवी ती जागा मिळाली का, हे विचारावे. माहितीपत्रकापेक्षा हे उत्तर उपयोगाचे.

आपल्या लोकांच्या सुटीचे वेळापत्रकही निराळे असते. रमजान आणि ईदच्या आधीचे आठवडे कापड, चप्पल, अत्तर, शेवया यांच्या धंद्यात वर्षाची कमाई देणारे. उसंत मिळते ती ईद झाल्यावर. ईद मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०३० या एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. पंचवीस वर्षांच्या करारात ईद नऊ महिने मागे सरकेल. ज्या योजनेत आठवडा कायमचा ठरलेला आहे ती अशा घराला सोयीची नाही. तारीख बदलती ठेवणारी योजना बरी. पण आज ईदनंतरचे दिवस ज्या रंगात पडतात त्याच रंगात ते पुढेही पडतील असे समजू नये. कोकणातल्या घरांत तर आखातातला मुलगा रजेवर कधी येईल यावर सगळे ठरते. त्यांच्यासाठी चार-सहा महिने आधीचे बुकिंग कठीणच.

केबिनचे खरे आकर्षण म्हणजे वेगळी वास्तू, अंगण आणि स्वयंपाकाची सोय. पडदानशीन स्त्रियांना मोकळीक मिळते, जेवणाच्या हलालीची चिंता राहत नाही. परंतु चित्रात दिसणारी शेगडी वापरू देतात की नाही, हे विचारले पाहिजे. काही ठिकाणी फक्त चहा करण्यापुरती सोय असते, आणि जेवण रिसॉर्टच्या हॉटेलातच घ्यावे लागते. चार माणसांच्या केबिनमध्ये आई-वडील व भावाची मुले धरून आठ जण गेले तर दुसऱ्या केबिनचे पैसे पडतात, किंवा आपल्या सात रात्रींच्या साडेतीन होतात.

हप्त्याने घेणाऱ्याने रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज दोन्ही लेखी मागावीत. फरक विक्रेत्याने लावलेली वाढीव किंमत आहे की मागे उभ्या असलेल्या फायनान्स कंपनीचे व्याज आहे, हे कागदावरूनच समजते. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी तो कागद आपल्या ओळखीच्या मुफ्तीसाहेबांना दाखवावा. "झिरो परसेंट" या शब्दांवर थांबू नये.

याच नावाखाली दुसरा एक प्रकार महाराष्ट्रात फार फोफावला आणि त्याने गरिबांचे पैसे बुडवले. त्यात सुटीला कोणी जाणे अपेक्षितच नव्हते. रात्री वापरल्या नाहीत तर काही वर्षांनी भरलेल्यापेक्षा जास्त रक्कम परत, असे त्याचे स्वरूप. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने अशा रीतीने सुमारे ५१ लाख लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये गोळा केले. ही सुटीची विक्री नसून विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे ठरवून सेबीने फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीवर २०१५ मध्ये असाच आदेश निघाला होता. अशा योजनांचे एजंट बहुधा गल्लीतलेच, ओळखीचे असतात, म्हणून लोक करार न वाचता पैसे देतात. सुटीच्या योजनेत परताव्याचा आकडा दिसला की तेथून उठावे.

विकत घेतलेले सभासदत्व पुढे विकून पैसे सुटतील, ही आशाही धरू नये. नवीन सभासदत्व महाग असते ते विक्रीच्या खर्चामुळे, आणि जुन्याला गिऱ्हाईक मिळत नाही. अमेरिकेत लोकांनी जुने आठवडे एका डॉलरला विकायला काढल्याची उदाहरणे आहेत, केवळ वार्षिक शुल्क टळावे म्हणून. "तुमच्या सभासदत्वाला गिऱ्हाईक आहे, आधी एवढा कर भरा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा.

युरोपीय संघात २००८ च्या नियमाने घेणाऱ्याला सहीनंतर १४ दिवसांत करार मोडता येतो आणि त्या मुदतीत विक्रेत्याला आगाऊ पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. करार मागे घेण्याची मुदत कंपनीच्या करारात असेल तेवढीच. म्हणून सहीपूर्वी ते कलम शोधावे, आणि मन बदलल्यास फोनवर न बोलता मुदतीच्या आत स्पीड पोस्टाने व ई-मेलने लेखी कळवून पोच जपून ठेवावी. विक्रेत्याने तोंडी दिलेली आश्वासने, जसे जादा रात्री, मोफत विमान तिकीट, वार्षिक शुल्क न वाढण्याची हमी, त्याच्याकडून कागदावर लिहून सहीशिक्क्यानिशी घ्यावीत. लिहून देत नसेल तर ती नाहीतच असे धरावे.

तक्रारीची वेळ आलीच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. कंपनीचे कार्यालय चेन्नईत असले तरी तेथे जावे लागत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. एक काळजी व्यापाऱ्यांनी मुद्दाम घ्यावी. खर्च दुकानाच्या खात्यात दाखवता येईल म्हणून काही जण सभासदत्व फर्मच्या नावाने घेतात. या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही, आणि पुढे वाद झाला की कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. घ्यायचेच झाले तर स्वतःच्या नावाने, घरच्या खात्यातून पैसे देऊन घ्यावे, आणि पावतीवर फर्मचे नाव किंवा जीएसटी नंबर पडू देऊ नये.